डाव मांडण्यापूर्वी : ज्येष्ठांच्या खेळासाठी परवडणारा संगणक

मुंबईच्या उपनगरांत पावसाळा लागला की ज्येष्ठांचे जग आक्रसते. मुलुंडच्या किंवा बोरिवलीच्या जुन्या, लिफ्ट नसलेल्या इमारतीत तिसऱ्या-चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या आणि गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेल्या माणसाला बागेतला कट्टा काही महिने दुरावतो. तेथे मांडला जाणारा बुद्धिबळाचा पट आणि पत्त्यांचे ठरलेले भिडूही त्यासोबत दुरावतात. अशा वेळी घरातील मंडळी सुचवतात, ‘‘एक संगणक घेऊन टाकू, घरबसल्या खेळा.’’ सूचना उत्तम आहे. मात्र खरेदीत अनेकांची गफलत होते.

‘खेळण्यासाठी संगणक हवा’ असे दुकानात सांगितले की तरुणांसाठी घडवलेला गेमिंग लॅपटॉप समोर येतो. त्यात स्वतंत्र ग्राफिक्स कार्ड असते, कळफलकावर रंगीत दिवे लुकलुकतात, पंखे घोंघावतात. पडदा मात्र बहुधा पंधरा-सोळा इंचांचाच असतो. मोठी रक्कम मोजून घरी आणलेल्या या यंत्रावरची अक्षरे दिसत नाहीत, मान अवघडते आणि पंधरवड्यात ते कपाटात जाते. पैसे वाया जातातच. पण ‘हे आपल्याला जमणारे नाही’ ही समजूत मनात घर करते, हे नुकसान अधिक मोठे.

म्हणून खरेदीचे सूत्र साधे ठेवावे. यंत्राच्या पोटात काय आहे यावर बेताचा खर्च करावा; डोळे, मनगट आणि पाठ यांचा ज्याच्याशी रोज संबंध येणार आहे, त्यावर हात आखडू नये.

आधी खेळ, मग यंत्र

बुद्धिबळ, ब्रिज, सुडोकू, शब्दकोडी, पत्ते यांपैकी एकाही खेळाला महागडे ग्राफिक्स कार्ड लागत नाही. ‘लीचेस’ या संकेतस्थळावर बुद्धिबळ विनामूल्य आणि जाहिरातींविना खेळता येते. ‘ब्रिज बेस ऑनलाइन’वर अंधेरी, घाटकोपर आणि पुण्यातले जुने भिडू एकाच टेबलाभोवती जमू शकतात. माऊसचा सराव नसेल तर ‘सॉलिटेअर’पासून आरंभ करावा. १९९० मध्ये ‘विंडोज ३.०’सोबत आलेल्या या पत्त्यांच्या खेळाने असंख्य लोकांना माऊसने वस्तू उचलून दुसरीकडे ठेवायला शिकवले.

बेताच्या खर्चात काय घ्यावे?

या खेळांसाठी इंटेलचा ‘कोअर आय-थ्री’ किंवा एएमडीचा ‘रायझन थ्री’ या वर्गातील प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि २५६ जीबीची एसएसडी पुरेशी आहे. एसएसडीचा आग्रह मात्र सोडू नये. तिच्यामुळे संगणक झटपट सुरू होतो आणि वाट पाहण्याचा वैताग टळतो. घर लहान असल्यास पुस्तकाएवढा ‘मिनी पीसी’ सोयीचा; तो अनेकदा मॉनिटरच्या पाठीमागेही बसवता येतो.

कार्यालयांतून निघालेले, दुरुस्त करून विकले जाणारे ‘रिफर्बिश्ड’ संगणक हा आणखी स्वस्त मार्ग आहे. ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजेच डॉ. भडकमकर मार्ग, या बाजारासाठी प्रसिद्ध आहे. अंधेरी-बोरिवलीहून धिम्या गाडीने थेट ग्रँट रोडला उतरता येते. मुलुंड-घाटकोपरकरांनी दादरला गाडी बदलावी. तेथे तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, प्रोसेसरची पिढी. ‘विंडोज १०’ला मायक्रोसॉफ्टचा नियमित आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. ‘विंडोज ११’साठी इंटेलचा किमान आठव्या पिढीचा प्रोसेसर लागतो. चौथ्या किंवा सहाव्या पिढीचे यंत्र स्वस्त मिळते ते यामुळेच. दुसरी, वाय-फाय. कार्यालयीन संगणकांत ते अनेकदा नसते. मग वेगळा छोटा अॅडॉप्टर घ्यावा लागतो. तिसरी, जीएसटीचे बिल आणि लेखी वॉरंटी.

असे यंत्र आणि चांगला मॉनिटर मिळूनही खर्च नव्या गेमिंग लॅपटॉपच्या निम्म्याहून कमी होऊ शकतो. नातवंडेही त्याच संगणकावर जड खेळ खेळणार असतील, तर पुढे ग्राफिक्स कार्ड बसवता येईल असा मोठा कॅबिनेट आणि पुरेशा क्षमतेचा वीजपुरवठा संच आधीच घ्यावा. कार्ड मात्र गरज पडेल तेव्हाच.

डोळे, मनगट, पाठ

मॉनिटर किमान चोवीस इंचांचा आणि न चकाकणाऱ्या पृष्ठभागाचा असावा. तो हातभर अंतरावर, खिडकीकडे तोंड वा पाठ न येता, खिडकीला काटकोनात ठेवावा. प्रोग्रेसिव्ह किंवा बायफोकल चष्मा वापरणारे खालच्या काचेतून पाहण्यासाठी नकळत हनुवटी वर करतात आणि मान दुखू लागते. त्यांनी पडदा नेहमीपेक्षा खाली घ्यावा, किंवा केवळ संगणकाच्या अंतरासाठी वेगळा चष्मा करून घेण्याविषयी नेत्रतज्ज्ञांना विचारावे.

हात थरथरत असल्यास माऊसचा वेग कमी करावा आणि बाणाचा आकार वाढवावा. दोन्ही सोयी विंडोजमध्ये आहेत. जागच्या जागी राहणारा, वरचा गोळा फिरवायचा ट्रॅकबॉलही अनेकांना सोपा जातो. विंडोजची कळ आणि अधिकचे चिन्ह एकत्र दाबल्यास पडद्यावरचे भिंग उघडते.

खुर्ची हात टेकता येतील अशी, न घसरणारी आणि पाय जमिनीला लागतील इतक्या उंचीची असावी. दर अर्ध्या तासाने उठून चार पावले चालावे. एका जागी बसून पायांना सूज येते. वेगाने फिरणाऱ्या त्रिमितीय दृश्यांच्या खेळांनी काहींना भोवळ येते. तसे जाणवताच खेळ थांबवावा. झोपेपूर्वी तासभर पडदा बंद असावा.

खेळ म्हणजे औषध नव्हे

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधकांनी २०१३ मध्ये ‘नेचर’मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ६० ते ८५ वयोगटातील व्यक्तींनी खास तयार केलेला गाडी चालवण्याचा खेळ महिनाभर खेळल्यावर एका वेळी दोन कामे सांभाळण्याची त्यांची क्षमता सुधारली आणि सहा महिने टिकून राहिली. याचा अर्थ कोणत्याही खेळाने स्मृतिभ्रंश टळतो असा नव्हे. ‘मेंदू तल्लख करणाऱ्या’ खेळांची जाहिरात करणाऱ्या ‘लुमॉसिटी’ला फसव्या दाव्यांच्या आरोपावरून २०१६ मध्ये अमेरिकेत २० लाख डॉलर भरण्याचे मान्य करावे लागले. त्यामुळे अशा दाव्यांवर वर्गणी खर्च करू नये. विसरभोळेपणा वाढत असेल तर डॉक्टरांकडे जावे.

पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांपासून दूर राहावे. त्यांवर बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये संमत केला आहे. खेळाच्या संगणकावर बँकेचा तपशील साठवू नये. फसवणूक झालीच तर विनाविलंब १९३० या क्रमांकावर कळवावे. लाज वाटून गप्प बसल्यास पैसे परत मिळण्याची शक्यता कमी होत जाते.

पहिला आठवडा सोबतीचा

काळजीवाहू मंडळींना एक विनंती. संगणक जोडून देऊन कामाला निघून जाऊ नये. पहिला आठवडा रोज अर्धा तास शेजारी बसावे; माऊस मात्र त्यांच्याच हाती राहू द्यावा. सुरू करण्याच्या आणि बंद करण्याच्या पायऱ्या वहीत मोठ्या अक्षरांत त्यांच्याकडूनच लिहून घ्याव्यात. तोच प्रश्न चौथ्यांदा विचारला गेला तरी उत्तर पहिल्यासारख्याच सुरात द्यावे. मग जुन्या भिडूंना दूरध्वनी करून खेळाची वेळ ठरवून द्यावी. पाऊस ओसरला आणि गुडघ्याने साथ दिली की कट्टा आहेच. तोवर डाव मोडायला नको.