महाविद्यालय बदल (महाराष्ट्र)

पदवी अभ्यासक्रम पूर्ण होण्यापूर्वी एका महाविद्यालयातील प्रवेश सोडून त्याच अभ्यासक्रमाच्या पुढील वर्षासाठी वा सत्रासाठी दुसऱ्या महाविद्यालयात प्रवेश घेणे, यास महाविद्यालय बदल असे म्हणतात. विद्यापीठ तेच राहते की तेही बदलते, यावर त्याची कार्यपद्धती अवलंबून असते.

स्वरूप

भंडारा जिल्ह्यातील लाखनी येथील समर्थ महाविद्यालय राष्ट्रसंत तुकडोजी महाराज नागपूर विद्यापीठाशी (स्थापना १९२३) संलग्न आहे. तेथील विद्यार्थी याच विद्यापीठाच्या भंडारा किंवा नागपूर येथील संलग्न महाविद्यालयात गेल्यास विद्यापीठ बदलत नाही. त्यामुळे प्रक्रिया तुलनेने सोपी असते. स्वायत्त महाविद्यालये आपला अभ्यासक्रम स्वतः ठरवतात, म्हणून तेथे विषयांची तुलना करावी लागते. चंद्रपूर व गडचिरोली हे जिल्हे २०११ मध्ये स्थापन झालेल्या गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत येतात. तेथे जाण्यासाठी स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रता व समकक्षतेची तपासणी आवश्यक ठरते.

प्रवेशाची शक्यता वाढवणारे घटक

पहिली अट रिक्त जागेची असते. गुण चांगले असूनही जागा नसल्यास अर्ज निष्फळ ठरतो. म्हणून सत्र संपताच इच्छित महाविद्यालयात चौकशी करणे हिताचे असते. मागील सर्व विषयांत उत्तीर्ण असणे, दोन्हीकडील विषयांत साम्य असणे आणि पालकांची बदली किंवा आजारपण यांसारख्या कारणाचा लेखी पुरावा जोडणे, यांमुळे अर्जाला बळ मिळते. अर्जासोबत गुणपत्रिका व उत्तीर्ण विषयांचा अभ्यासक्रम जोडल्यास समकक्षतेचा निर्णय सुलभ होतो.

श्रेयांकांचे हस्तांतरण

विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये शैक्षणिक श्रेयांक बँकेचे विनियम लागू केले. विद्यार्थ्याने मिळवलेले श्रेयांक या बँकेतील त्याच्या खात्यात जमा होतात व दुसऱ्या संस्थेत ग्राह्य धरले जाऊ शकतात. आयोगाच्या २०२२ च्या आराखड्यानुसार तीन वर्षांच्या पदवीसाठी किमान १२० श्रेयांक लागतात. श्रेयांक खात्यात जमा असले, तरी प्रवेशाचा हक्क त्यातून आपोआप निर्माण होत नाही. खात्यातील नोंद अपूर्ण असल्यास ती जुन्या महाविद्यालयाकडून आधीच पूर्ण करून घेणे इष्ट असते.

घ्यावयाची काळजी

या प्रक्रियेत क्रमाला महत्त्व आहे. नव्या महाविद्यालयाची लेखी संमती मिळण्यापूर्वीच जुना प्रवेश रद्द केल्यास दोन्ही जागा हातच्या जाऊन शैक्षणिक वर्ष वाया जाऊ शकते. संमतीनंतर जुन्या महाविद्यालयातील देणी चुकती करून ना हरकत प्रमाणपत्र व महाविद्यालय सोडल्याचा दाखला घेतला जातो. संस्थांनी विद्यार्थ्यांची मूळ प्रमाणपत्रे अडवून ठेवू नयेत, असे आयोगाने २०१८ मध्ये अधिसूचित केले आहे. महाडीबीटी संकेतस्थळावरील शिष्यवृत्तीच्या अर्जांची छाननी महाविद्यालयाच्या स्तरावर होत असल्याने, बदलानंतर तेथील नोंद नव्या महाविद्यालयाच्या नावे दुरुस्त करून घेणे आवश्यक असते. अल्प उत्पन्नाच्या कुटुंबातील विद्यार्थ्याचे पुढील शिक्षण अनेकदा याच नोंदीवर अवलंबून असते.