तंबू शिवणाऱ्याची शर्यत

संत पौल व्यवसायाने तंबू बनवणारा कारागीर. करिंथमध्ये अक्विला व प्रिस्किल्ला या दांपत्याबरोबर तो हेच काम करी. जवळच इस्थमियन क्रीडास्पर्धा भरत. करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात त्याने धावपटूचाच दाखला दिला: बक्षीस हवे तर आधी संयम हवा.

१९८० साली बोस्टन मॅरेथॉनमध्ये रोझी रुईझ महिलांत पहिली ठरली, पण ४२.१९५ किलोमीटर ती पूर्ण धावलीच नव्हती. काही दिवसांतच विजेतेपद गेले, मान कॅनडाच्या जॅकलिन गारोला मिळाला.

ख्रिस्ती व्यावसायिकाने हे ध्यानात ठेवावे. मापात पाप करून पुढे जाता येते, टिकता येत नाही. मॅरेथॉन धावणारे पाय कित्येक पहाटे घडलेले असतात. रविवारी चर्चमध्ये मागितलेली सचोटीही सोमवारपासून गल्ल्यावर रोज गिरवावी लागते.