घरगुती ध्वनिमुद्रणात मिक्सर आणि संगणक यांची जोडणी

मुंबईतील शिवाजी पार्कच्या मैदानास १९२७ साली हे नाव मिळाले आणि पुढील दशकांत त्याच्या सभोवती निवासी इमारतींची रांग उभी राहिली. दादरच्या ह्या भागातील दिवाणखान्यांतून गायनाची तालीम आणि मोजक्या श्रोत्यांच्या बैठकी होत आल्या आहेत. संगीताच्या अभ्यासकास अशा बैठकीचे मुद्रण घरच्या घरी करावयाचे झाल्यास आज मिक्सर, संगणक आणि तीन-चार मायक्रोफोन एवढे साहित्य पुरते. परंतु वयोवृद्ध गायकाची बैठक मनात येईल तेव्हा पुन्हा घडविता येत नाही. म्हणून मुद्रणानंतर दुरुस्त होणारे दोष कोणते आणि कधीच न होणारे कोणते, हा विवेक जोडणीच्या आधीच करावा लागतो. प्रस्तुत विवेचनाचा रोख ह्याच प्रश्नावर आहे.

मिक्सरचे कार्य मुळात जुनेच आहे. १९०२ साली फ्रेड गाइसबर्ग याने कलकत्त्यास गौहर जान यांचे गायन मुद्रित केले, तेव्हा विद्युत्‌मुद्रण अस्तित्वात नव्हते. कर्ण्याजवळ कोणी बसावे व दूर कोणी, एवढ्यावरच गायन आणि साथ यांचे प्रमाण ठरे, आणि एकदा ठरलेले प्रमाण तबकडीत कायम होई. मिक्सरमध्ये हेच काम कळांनी व सरकपट्ट्यांनी होते. प्रत्येक मायक्रोफोनचा क्षीण संकेत प्रथम वाढविला जातो, त्याचे प्रमाण ठरविले जाते आणि सर्व संकेतांची बेरीज डाव्या व उजव्या अशा दोन निर्गमांतून बाहेर पडते.

जोडणीतील पहिला प्रश्न संकेताच्या पातळीचा होय. गायनाच्या वेळी मायक्रोफोनमधून काही मिलिव्होल्ट एवढाच दाब मिळतो. मिक्सरच्या निर्गमावर मात्र ‘लाइन’ पातळीचा संकेत असतो. व्यावसायिक उपकरणांत ही प्रमाण पातळी सुमारे १.२३ व्होल्ट, तर घरगुती उपकरणांत सुमारे ०.३२ व्होल्ट धरतात. म्हणजे ह्या दोहोंतच जवळजवळ चौपट, १२ डेसिबलचे अंतर आहे. लॅपटॉपवरील लहानसे छिद्र बहुधा हेडफोनसहित असलेल्या मायक्रोफोनसाठी केलेले असते. त्याचा अंतर्गम एकपदरी असून त्यास मिलिव्होल्टांचीच अपेक्षा असते. तेथे मिक्सरचा निर्गम जोडल्यास स्वर फाटतो आणि डावा-उजवा भेदही नाहीसा होतो. यास्तव मिक्सर व संगणक यांच्यामध्ये लाइन अंतर्गम असलेला ऑडिओ इंटरफेस असावा, किंवा ज्यात तो अंतर्भूत आहे असा यूएसबी मिक्सर घ्यावा.

इंटरफेसमध्ये संकेताचे अंकांत रूपांतर होते. सेकंदास ४८,००० नमुने घेतल्यास २४,००० हर्ट्झपर्यंतची, म्हणजे मानवी श्रवणमर्यादेपलीकडील कंपनेही तत्त्वतः नोंदविता येतात. प्रत्येक नमुन्यास १६ बिट दिल्यास ६५,५३६ पायऱ्या मिळतात. २४ बिटांत त्यांची संख्या १ कोटी ६७ लाखांहून अधिक होते. अशा दोनपदरी मुद्रणास तासाला सुमारे १ गिगाबाइट जागा लागते, आणि आजच्या संगणकास ती जड नाही. तथापि बिटांची संख्या कितीही वाढविली तरी वरची मर्यादा ओलांडणारी स्वरलहर माथ्यावर कापली जाते, आणि कापलेला भाग नंतर कोणत्याही प्रक्रियेने यथार्थ परत येत नाही. उलट २४ बिटांच्या मुद्रणात पातळी थोडी कमी राहिल्यास ती मागाहून निर्दोषपणे वाढविता येते. म्हणून तार सप्तकातील जोरकस तानेच्या वेळीही दर्शकावरील उच्चांक शून्याखाली १० ते १२ डेसिबल राहील, अशी योजना करणे इष्ट असते.

दुसरा अपरिवर्तनीय दोष अधिक सूक्ष्म आहे. मिक्सरला आठ मायक्रोफोन जोडता येतात, यावरून संगणकात आठ पदर उतरतील असा समज होतो. परंतु अनेक यूएसबी मिक्सर संगणकास केवळ अंतिम मिश्रणाचे दोनच पदर पाठवितात. खरेदीपूर्वी माहितीपत्रकात आणि नंतर मुद्रणाच्या प्रणालीत अंतर्गमांची संख्या पाहिल्यास याचा निर्णय होतो. दोन पदरांत तबला गायनावर चढला असेल, तर गाइसबर्गच्या तबकडीप्रमाणेच तो बहुतांशी तसाच राहतो. ज्यास श्रुती किंवा स्वरलगाव यांचे मापन करावयाचे आहे, त्याचे संशोधनच तेथे अडते.

बहुपदरी यंत्र नसेल तेव्हा एक साधा उपाय आहे. गायकाच्या मायक्रोफोनची ‘पॅन’ कळ पूर्णतः डावीकडे आणि तबला, हार्मोनियम व तानपुरा यांच्या कळा पूर्णतः उजवीकडे वळवाव्यात. दोनच पदर असले तरी गायन व साथ वेगळी मिळते आणि त्यांचे परस्परप्रमाण मागाहून ठरविता येते. एकाच खोलीत एकाचा ध्वनी दुसऱ्याच्या मायक्रोफोनमध्ये काहीसा शिरतोच. त्यामुळे हा विभाग संपूर्ण नसतो, पण अभ्यासास पुष्कळ उपयुक्त ठरतो.

संगणकातून परत येणारा ध्वनी फक्त हेडफोनकडे वळवावा. तो मुख्य मिश्रणात मिसळल्यास पुन्हा संगणकात जातो आणि प्रतिध्वनींचे चक्र सुरू होते. शिवाय संगणक नमुने गटागटाने हाताळतो. २५६ नमुन्यांच्या एका गटास सुमारे ५.३ मिलिसेकंद लागतात आणि येण्याजाण्यात हा विलंब दुपटीहून वाढतो. गायकास स्वतःचा स्वर हेडफोनमधून ऐकावयाचा असल्यास तो संगणकातून न घेता थेट मिक्सरवरून द्यावा.

उरतो तो परिसर. २०१० साली मुंबई उच्च न्यायालयाने शिवाजी पार्क शांतता क्षेत्र ठरविले. तथापि मैदानावरील क्रिकेट, रस्त्यावरील वाहने आणि घरातील पंखा मायक्रोफोनला ऐकू येतातच. मायक्रोफोन व गायक यांतील अंतर निम्मे केल्यास स्वराची पातळी सुमारे ६ डेसिबलने वाढते, पण खिडकीतून येणारा गोंगाट वाढत नाही. म्हणून यंत्रे बदलण्यापूर्वी मायक्रोफोन जवळ आणणे श्रेयस्कर. मंद, अखंड गुणगुण ऐकू आल्यास ती बहुधा ५० हर्ट्झच्या वीजपुरवठ्याची असते. सर्व यंत्रे एकाच फळीवरून चालविणे, समतोल तारा वापरणे आणि लॅपटॉप बॅटरीवर ठेवणे, यांनी ती पुष्कळदा थांबते. गुणगुण घालविण्यासाठी प्लगमधील अर्थिंगची जोडणी तोडणे मात्र जिवावर बेतू शकते.

बैठकीपूर्वी पाच मिनिटांचे परीक्षणमुद्रण करून दोन्ही पदर स्वतंत्रपणे ऐकावेत. पातळी कमी राहिली, खोली थोडी घुमली किंवा मंद्र स्वर दबले, तर त्यांवर पुढे काही ना काही इलाज होतो. कापलेली लहर आणि एकत्र मिसळलेले पदर यांवर मात्र पुरा इलाज नाही. गायक बैठकीवर बसण्यापूर्वी ह्या दोन गोष्टींची खात्री करून घेणे, हेच घरगुती मुद्रणातील अभ्यासकाचे पहिले कर्तव्य होय.