तुबलीच्या खाडीला सायकलवरून वळसा

बहारीनमध्ये नदी नाही आणि ज्याला सरोवर म्हणता येईल असा गोड्या पाण्याचा मोठा नैसर्गिक साठाही नाही. तरीही राजधानी मनामाच्या दक्षिण अंगाला असलेल्या उम्म अल हस्सम या वस्तीतून सायकल घेऊन निघणाऱ्याला थोड्याच वेळात पाण्याचा असा पसारा दिसू लागतो की ज्याला बहुतेक बाजूंनी जमिनीने वेढले आहे, ज्यावर मोठ्या लाटा उठत नाहीत आणि ज्याच्या काठी अजून काही ठिकाणी झाडी व पक्षी टिकून आहेत. ही तुबलीची खाडी होय. तिच्या उत्तरेला मनामा, पूर्वेला सित्रा बेट, पश्चिमेला आणि दक्षिणेला तुबली, जिद अली, जुरदाब, सनद ही मुख्य बेटावरची गावे आणि पाण्यात नबीह सालेह हे छोटे बेट, अशी तिची मांडणी आहे. उम्म अल हस्सममधील बहुमजली इमारतींत राहणाऱ्या भारतीय कुटुंबांना, आणि त्यांत अर्थातच मराठी कुटुंबांनाही, सरोवराकाठच्या सायकलफेरीचा जो काही अनुभव घराजवळ मिळू शकतो तो याच खाडीभोवती मिळू शकतो.

सरोवराकाठच्या सायकलफेरीचा नमुना म्हणून जगभर ज्या प्रदेशांचे नाव घेतले जाते त्यांत आयर्लंडचा नैर्ऋत्य भाग येतो. तिथल्या किलार्नी गावाजवळ लॉख लीन, मकरॉस आणि अपर लेक अशी तीन सरोवरे आहेत. त्यांच्या परिसरात १९३२ साली देण्यात आलेल्या एका खासगी इस्टेटीतून आयर्लंडचे पहिले राष्ट्रीय उद्यान आकाराला आले, आणि किलार्नीहून केनमेअरकडे जाणारा रस्ता या पाण्याच्या बाजूने, ओक वृक्षांच्या रानातून वळणे घेत मॉल्स गॅप या खिंडीपर्यंत चढतो. ही खिंड सुमारे २६० मीटर उंचीवर आहे, म्हणजे सह्याद्रीतील घाटांच्या मानाने चढ किरकोळच, पण पाऊस, ओला वारा आणि अरुंद रस्ता यांमुळे तो सोपा नाही. केरी परगण्यातील द्वीपकल्पाला वळसा घालणारा सुमारे १८० किलोमीटरचा प्रसिद्ध मार्गही याच किलार्नीतून सुरू होतो. सायकलच्या इतिहासातही आयर्लंडच्या भूमीला मानाचे स्थान आहे. मूळचे स्कॉटलंडचे पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यांनी बेलफास्टमध्ये आपल्या मुलाच्या तीनचाकीसाठी हवा भरलेला रबरी टायर तयार केला आणि १८८८ साली त्याचे पेटंट घेतले. ही कल्पना रॉबर्ट थॉमसन यांना चार दशके आधी सुचली होती हे पुढे उघड झाले आणि डनलॉप यांचा हक्क टिकला नाही, परंतु भरीव रबराच्या खडखडणाऱ्या चाकाऐवजी हवेवर तरंगणारे चाक प्रत्यक्ष रस्त्यावर रुळले ते त्यांच्यामुळेच, आणि लांब पल्ल्याची सायकलफेरी हा सर्वसामान्यांच्या आवाक्यातला आनंद झाला तोही त्यानंतरच.

उम्म अल हस्सममधून खाडीला वळसा घालताना पहिला विचार दिशेचा करावा लागतो. भारतात आणि आयर्लंडमध्ये वाहने डावीकडून चालतात, तर बहारीनमध्ये १९६७ पासून ती उजवीकडून चालतात. त्यामुळे घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने निघाले, म्हणजे आधी पूर्वेकडे सित्र्याच्या पुलांकडे वळून मग दक्षिणेकडून पश्चिमेला आले, तर पाणी सतत आपल्या कडेला राहते आणि मधली वाहनांची रांग दृष्टीच्या आड येत नाही. नव्याने आलेल्या भारतीय सायकलस्वाराच्या बाबतीत खरा धोका सरळ रस्त्यावर नसून चौकात आणि गोल चक्करवर असतो, कारण तिथे लहानपणापासूनच्या सवयीने नजर चुकीच्या बाजूला आधी वळते. पुलांवरून जाणारा रस्ता हा मोठ्या वाहतुकीचा महामार्ग असल्याने तिथे नवशिक्याने जाऊ नये, आणि अनुभवी सायकलस्वारानेही तो सुट्टीच्या दिवशी पहाटे, पुढे-मागे दिवे लावून आणि शक्यतो गटानेच पार करावा. या पुलाच्या मार्गात नबीह सालेह बेट लागते. एका सत्पुरुषाचे श्रद्धास्थान आणि खजुराच्या बागा यांसाठी ते ओळखले जाई, आणि एके काळी तिथे गोड्या पाण्याचे झरेही वाहत होते.

या झऱ्यांबद्दल थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण बहारीनच्या पाणकाठाची सारी कथा त्यांच्याशी जोडलेली आहे. अरबस्तानच्या मुख्य भूमीवर पडलेले पावसाचे पाणी चुनखडीच्या थरांतून भूगर्भात पूर्वेकडे सरकत येई आणि बहारीन बेटाच्या उत्तर भागात, इतकेच नव्हे तर किनाऱ्यालगत समुद्राच्या तळाशीही, झऱ्यांच्या रूपाने वर येई. याच पाण्यावर वाळवंटी हवामानाच्या या बेटाचा उत्तर पट्टा शतकानुशतके हिरवा राहिला. खाडीच्या वायव्येला असलेला अधारीचा झरा हा त्यांतला सर्वांत नावाजलेला, आणि लोक तिथे पोहायला व विसाव्याला जात. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विहिरींमधून उपसा इतका वाढला की भूगर्भातील दाब उतरला, झरे एकामागून एक आटले आणि गोड्या पाण्याच्या थरात खारे पाणी शिरले. आज अधारीचे नाव एका मनोरंजन उद्यानाला मिळाले आहे. खाडीच्या वळशावर परतीच्या वाटेने येणाऱ्या सायकलस्वाराला हे उद्यान लागते, आणि एका वाहत्या झऱ्याचे रूपांतर कशात झाले हे त्याला तिथे प्रत्यक्ष दिसते.

खाडीच्या दक्षिण-पश्चिम कोपऱ्यात सनद गावाजवळ रास सनद नावाचा भाग आहे, आणि या साऱ्या फेरीत थांबावे असे ठिकाण तेच. बहारीनमधील नैसर्गिक कांदळवन, म्हणजे खाऱ्या पाण्याच्या दलदलीत उगवणाऱ्या झाडांचे वन, इथे उरले आहे. ही झाडे कोकणच्या खाड्यांत जिला तिवर म्हणतात त्याच जातीची आहेत. तिवराची मुळे चिखलातून पेन्सिलीसारखी सरळ वर येतात, ओहोटीच्या वेळी त्यांच्यावाटे हवा घेतली जाते, आणि शोषलेले जादा मीठ पाने बाहेर टाकतात. पाणी उथळ असल्याने ओहोटीला चिखलाचे रुंद पट्टे उघडे पडतात आणि हिवाळ्यात त्यांवर रोहित पक्षी व उत्तरेकडून आलेले पाणपक्षी चरताना दिसतात. १९९७ साली हवार बेटांबरोबर तुबलीच्या खाडीची नोंद रामसर स्थळ म्हणून झाली. इराणमधील रामसर गावी १९७१ मध्ये झालेल्या आंतरराष्ट्रीय करारानुसार महत्त्वाच्या पाणथळ जागांना हा दर्जा दिला जातो, आणि महाराष्ट्रात नांदूर मधमेश्वर व लोणारनंतर २०२२ साली ठाण्याच्या खाडीलाही तो मिळाला. ऐरोलीच्या बाजूने रोहित पक्ष्यांचे थवे पाहिलेल्या मराठी माणसाला रास सनदचे दृश्य परके वाटणार नाही. तिवर, चिखल, गुलाबी पक्षी आणि पलीकडे शहराच्या उंच इमारती हे चित्र दोन्हीकडे सारखेच आहे.

दुःखाची गोष्टही दोन्हीकडे सारखी आहे. भराव टाकून जमीन मिळवण्याच्या कामामुळे तुबलीच्या खाडीचे मूळ क्षेत्र गेल्या काही दशकांत जवळजवळ निम्म्यावर आले, पुलांच्या बांधांमुळे भरतीच्या पाण्याची ये-जा आक्रसली आणि सांडपाणी प्रक्रिया केंद्रातून सोडलेल्या पाण्याचाही भार तिच्यावर पडला. सायकलस्वाराच्या दृष्टीने याचा अर्थ अगदी सरळ आहे. पूर्वी जो रस्ता काठावर होता तो आज इमारतींच्या मागे गेला आहे, आणि नव्या काठाला बहुतेक ठिकाणी खासगी कुंपणे किंवा बांधकामाचे ढिगारे आहेत. किलार्नीच्या सरोवराकाठी सायकल चालवणे सुखाचे होते त्याचे कारण केवळ डोंगर आणि हिरवळ नाही. तिथला काठ सार्वजनिक मालकीचा राहिला आणि रस्ता त्या काठापासून दूर ढकलला गेला नाही, हे त्याचे अधिक महत्त्वाचे कारण आहे. पुण्याभोवतीच्या खडकवासला, पानशेत, मुळशी, पवना या जलाशयांकडे जाणाऱ्या रस्त्यांवर दर रविवारी सायकलींचे जथे दिसतात, पण तिथेही शेतघरे आणि विश्रामगृहे यांच्या भिंतींमुळे पाणी दिसण्याच्या जागा कमी होत चालल्या आहेत. काठ हरवला की काठाने जाणारा रस्ता साधा रस्ता होतो, हे तुबलीला वळसा घालताना जितके तीव्रतेने जाणवते तितके क्वचितच कुठे जाणवत असेल.

बहारीनच्या सपाट भूमीवर सायकल चालवणे सोपे असेल अशी समजूत असते, ती अर्धवट खरी आहे. देशातील सर्वांत उंच जागा, जबल अद् दुखान ही टेकडी, समुद्रसपाटीपासून जेमतेम १३४ मीटर आहे, त्यामुळे चढाची दमछाक नाही हे खरे. मात्र सपाटीवर सायकलस्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो आणि तो वेग टिकवायला लागणारी शक्ती जवळजवळ आठपट होते. अशा वेळी वायव्येकडून येणारा शमाल, म्हणजे आखातावरचा तो प्रसिद्ध धुळीचा वारा, समोरून आला तर तो न दिसणारा घाटच ठरतो, आणि घाटाला जसा माथा असतो तसा याला नसल्याने विसावाही मिळत नाही. यावर सायकलस्वारांनी शोधलेला उपाय म्हणजे पुढच्याच्या आडोशाने चालणे. मागे राहणाऱ्याची शक्ती त्यामुळे बरीच वाचते. वारा बाजूने असेल तेव्हा सरळ रांगेऐवजी तिरकी रांग धरावी लागते, पण ती रस्त्याची रुंदी व्यापत असल्याने चालू वाहतुकीच्या रस्त्यावर धरणे घातक असते. खाडीच्या वळशात घड्याळाच्या दिशेने गेल्यास जाताना वारा पाठीशी मिळतो आणि शेवटचा, तुबलीकडून घरी परतण्याचा टप्पा वाऱ्याविरुद्ध पडतो, हे लक्षात घेऊन आधीच्या टप्प्यात जोर राखून ठेवावा हे उत्तम.

उष्णतेचा प्रश्न याहून गंभीर आहे. उन्हाळ्यात पारा चाळिशीच्या आसपास असतो आणि समुद्रामुळे हवा इतकी दमट होते की घाम अंगावरून ओघळतो, पण वाळत नाही, आणि घाम वाळला नाही तर शरीर थंड होत नाही. ऐन उन्हाळ्यात दुपारी बारा ते चार उघड्यावर काम करण्यास कायद्याने मनाई आहे ती याच कारणाने. म्हणून सायकलीचा खरा हंगाम नोव्हेंबर ते मार्च, आणि आठवड्यातला खरा दिवस शुक्रवार, कारण त्या देशात शुक्रवार-शनिवार सुट्टी असते आणि शुक्रवारी पहाटे रस्ते सर्वांत मोकळे असतात. खाऱ्या हवेमुळे चेन आणि गिअर लवकर गंजतात, त्यामुळे फेरीनंतर सायकल गोड्या पाण्याने पुसून तेल देणे ही तिथे चैन नसून गरज आहे.

खेळ म्हणून सायकलिंगला बहारीनमध्ये राजाश्रय मिळाला आहे. देशाच्या नावाचा व्यावसायिक संघ २०१७ पासून युरोपातील अव्वल शर्यतींत उतरतो, आणि २०२१ मध्ये सोनी कोलब्रेली याने त्या संघाकडून पॅरिस-रुबे ही दगडी रस्त्यांची अवघड शर्यत जिंकली. साखीर येथील ५.४१२ किलोमीटरची मोटारशर्यतीची धावपट्टी काही संध्याकाळी धावणाऱ्यांसाठी व सायकलस्वारांसाठी खुली केली जाते, आणि वाहनांची भीती नसलेली ती जागा मुलांना शिकवायला सर्वांत योग्य. परंतु बहारीनच्या रस्त्यांवर रोज दिसणारा सायकलस्वार वेगळा आहे. तो भारतीय, बांगलादेशी किंवा नेपाळी कामगार आहे, साधी सायकल घेऊन पहाटे कामावर जातो आणि अंधार पडल्यावर परततो. किंमती सायकलीवरचा हौशी स्वार एखाद्या रस्त्याला धोकादायक म्हणून टाळू शकतो, या माणसाला तो पर्याय नसतो. खाडीकाठी वेगळी सायकलवाट व्हावी ही मागणी म्हणूनच आधी त्याच्यासाठी करायला हवी.

अशी वाट अशक्य नाही. कांदळवनाचे क्षेत्र २०३५ पर्यंत चौपट करण्याचा संकल्प बहारीनने जाहीर केला आहे, आणि रोपांची लागवड तुबलीच्या खाडीतही झाली आहे. लावलेल्या तिवरांना भरतीचे पाणी मिळत राहायला हवे असेल तर काठावरचा भराव थांबवावा लागेल आणि पाण्यालगतचा एक पट्टा बांधकामापासून मोकळा ठेवावा लागेल. तोच पट्टा, तिवरांच्या मागच्या कोरड्या बाजूने, उम्म अल हस्समपासून रास सनदपर्यंत सायकलसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी वापरता येईल.