वय झालं म्हणून नव्हे

पालघरजवळच्या माहीमला सत्तरी उलटलेले आजोबाही सकाळी वाडीत, पानवेलींतून चक्कर मारून येतात. तेच महिनाभर तिकडे फिरकले नाहीत, तर घरचे म्हणतात, "आता वय झालं." मला हे वाक्य ऐकवत नाही. वय गुडघे थकवतं. वाडीची ओढ मारत नाही.

तक्रार शरीराची असते

नैराश्य आलेली म्हातारी माणसं "उदास वाटतं" असं सहसा बोलत नाहीत. जेवण जात नाही, अंग मोडून येतं, पहाटे तीनला जाग येते ती येतेच. मग ईसीजी होतो, सोनोग्राफी होते, रिपोर्ट नॉर्मल येतात आणि मनाची चौकशी राहून जाते. पालघरमार्गे डहाणूपर्यंत लोकल आली २०१३ साली. मुलगा-सून त्या गाडीने मुंबईला गेले की आजी दिवसभर एकटी. तिने दुपारचं ताट तसंच झाकून ठेवलंय, हे रात्री कोण बघतं?

दोन आठवडे रोज असंच चाललं, तर डॉक्टरांकडे न्याच. विसरभोळेपणा वाढला म्हणून लगेच डिमेन्शिया समजू नका. तो नैराश्यामुळेही येतो आणि उपचारांनी कमी होऊ शकतो. २०१७-१८च्या 'लासी' या देशव्यापी पाहणीत साठीपुढच्या ८.३ टक्के लोकांत नैराश्य दिसलं, पण निदान झालेले एक टक्काही नव्हते.

तपासणी

शरीराचं काही कारण नाही ना, हे पाहायला डॉक्टर थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन, सोडियम बघतात. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून न्या.

गोळी आणि धीर

नैराश्यावरची गोळी कमी डोसने सुरू होते. गुण यायला दोन ते सहा आठवडे लागतात, उतारवयात कधी जास्तही. "फरक नाही" म्हणून दहाव्या दिवशी बंद करणारे बरेच. या गोळ्यांचं व्यसन लागत नाही. बरं वाटल्यावरही त्या निदान सहा महिने ते वर्षभर चालतात. सोडायच्या त्या डॉक्टरांना विचारून, हळूहळू. सुरुवातीला चक्कर आली, बोलण्यात गोंधळ झाला, तर सोडियम उतरलं असेल, लगेच दाखवा. समुपदेशनही तितकंच कामाचं. जोडीला रोजचं एखादं झेपेल असं काम द्या, चार पानं खुडण्याचं का होईना.

हे थेट विचारा

"माझा तुम्हाला नुसता भार" असं कोणी म्हटलं, तर "जीव नकोसा वाटतो का?" हे स्पष्ट विचारा. विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही. उत्तर हो आलं, तर त्यांना एकटं सोडू नका, वाडीतली फवारणीची औषधं कुलपात ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या १४४१६ या मोफत क्रमांकावर रात्रीबेरात्रीही मराठीत बोलता येतं.