हनुवटीवरचे टाके आणि संगणकावरचा जबडा

'खेळताना हनुवटीवर पडला, दोन टाके घातले, आता सर्व ठीक आहे,' हे वाक्य आम्हा बालरोगतज्ज्ञांना चांगलेच परिचयाचे आहे. जिना, सायकल, झोपाळा आणि आपल्या वडोदऱ्यात उत्तरायणाच्या दिवसांतील गच्ची ही त्यामागची नेहमीची कारणे. परंतु हनुवटीवर बसलेला मार तेथेच थांबत नाही. तो हाडातून वर पोहोचतो आणि कानापुढील सांध्याखाली असलेली जबड्याची निमुळती मान मोडू शकते. जखम सर्वांना दिसते, अस्थिभंग मात्र दिसत नाही.

जबड्याच्या अस्थिभंगावरील उपचारांत अलीकडे 'आभासी शस्त्रक्रिया नियोजन' ही पद्धत रुजली आहे. लंडनमध्ये १ ऑक्टोबर १९७१ रोजी गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाचा सीटी स्कॅन झाला. पुढे १९८६ मध्ये चार्ल्स हल यांना त्रिमिती मुद्रणाच्या तंत्राचे पेटंट मिळाले. या दोन शोधांचा संगम येथे झालेला दिसतो. सीटी स्कॅनच्या मिलिमीटरभर जाडीच्या छेदांवरून संगणक जबड्याची त्रिमिती प्रतिमा उभी करतो. शल्यविशारद पडद्यावरच एकेक तुकडा हलवून वरचे व खालचे दात नीट जुळेपर्यंत बसवून पाहतात. एकच बाजू मोडली असेल, तर शाबूत बाजूचे आरशातील प्रतिबिंब नमुना म्हणून वापरता येते. मग प्रतिकृती छापून धातूच्या पट्ट्या तिच्यावर आधीच वाकवून ठेवतात. त्यामुळे शस्त्रक्रियेतील अंदाजाचा भाग कमी होतो आणि वेळही वाचतो.

मुलांच्या बाबतीत मात्र प्रश्न अधिक नाजूक असतो. सहा ते बारा वर्षांच्या मुलाच्या जबड्यात दुधाच्या दातांखाली कायमच्या दातांचे अंकुर दडलेले असतात. चुकीच्या जागी गेलेला स्क्रू त्यांना कायमची इजा करू शकतो. हे अंकुर टाळून स्क्रूची जागा ठरविणे, किंवा दातांवर बसणारा आधार आधीच तयार करणे, यासाठी हे नियोजन फार उपयुक्त ठरते. तथापि मुलांची हाडे झपाट्याने सांधतात, त्यामुळे नियोजनासाठी फार दिवस थांबता येत नाही. शिवाय सांध्याजवळचे बहुतेक अस्थिभंग मुलांमध्ये शस्त्रक्रियेविना, मऊ आहार आणि तोंड उघडण्याचा लवकर सुरू केलेला व्यायाम यांनी बरे होतात. वाढत्या जबड्याची ही उपजत क्षमता आहे.

खरा धोका असतो तो निदान राहून जाण्यात. दुर्लक्षित सांधा हळूहळू हाडाने जखडतो. तोंड उघडेनासे होते, दात घासणे कठीण होते, हनुवटीची वाढ खुंटते आणि झोपेत श्वासही अडू लागतो. अशा वेळी जखडलेले हाड किती कापावे, आतल्या बाजूची रक्तवाहिनी किती जवळ आहे, खुंटलेला जबडा कोणत्या दिशेने लांबवावा, हे सारे संगणक दाखवितो. परंतु त्या मुलाची हरवलेली वर्षे तो परत आणून देत नाही.

म्हणून माझ्या व्यवसायबंधूंना व पालकांना एवढीच विनंती आहे. हनुवटीला टाके पडलेल्या प्रत्येक मुलाला तोंड पूर्ण उघडायला सांगावे. त्याची स्वतःची तीन बोटे उभी मावतात का? तोंड उघडताना हनुवटी एका बाजूला वळते का? दात पूर्वीसारखे जुळतात का? कानापुढे दुखते का, कानातून रक्त येते का? यांपैकी काहीही खटकले, तर मुख व जबडा शल्यविशारदांचा सल्ला त्याच दिवशी घ्यावा. टाके काढताना हीच तपासणी पुन्हा करावी आणि पुढील काही महिने तोंड किती उघडते याची नोंद ठेवावी. या तपासणीला दोन मिनिटे पुरतात, आणि ती कोणत्याही दवाखान्यात करता येते.