गिधाडं वाचवायची कशाला?

मैत्रिणींनो, परवा बचत गटाच्या बैठकीत दुधाच्या हिशेबावरून विषय गुरांवर गेला आणि तिथून गिधाडांवर. एक काकू म्हणाल्या, "मेली अभद्र पाखरं, गेली तर गेली! जन्मणं-मरणं चालायचंच. माणसाने मध्ये कशाला पडावं?" बऱ्याच जणींनी माना डोलावल्या.

काकूंचं अगदीच चूक नाही. डायनासोर काही आपण संपवले नाहीत. पण गिधाडांच्या बाबतीत आपण केव्हाच मध्ये पडलोय, आणि तेही गुरांच्या मायेपोटी! गाय लंगडायला लागली, अंगावर सूज आली की डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन दिलं जायचं. लगेच ते जनावर दगावलं तर औषध मांसात उरायचं. ते मांस खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडं निकामी व्हायची आणि थोड्याच दिवसांत तेही मरायचं. हे कारण २००४ मध्ये जगापुढे आलं, तोवर व्हायचं ते होऊन गेलं होतं. १९९२ ते २००७ या काळात आपल्या देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्याण्णवहून जास्त संपली. मादी वर्षाला एकच अंडं घालते. ही तूट आपोआप कशी भरून निघणार?

मढी साफ करणारं कुणी उरलं नाही, तशी भटकी कुत्री वाढली. ती कुणाच्या पोरांना चावतात, ते सांगायला नको. मुंबईत पारशी बांधवांच्या दोखम्यांवरही गिधाडं येईनाशी झाली.

सरकारने २००६ मध्ये हे औषध गुरांसाठी बंद केलं. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात पोचतच होत्या. (पळवाट शोधण्यात आपला हात कोण धरणार!) २०१५ मध्ये त्या बाटल्याही बंद झाल्या. २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अ‍ॅसिक्लोफेनॅक ही औषधंही गुरांसाठी बंद झाली. हरियाणात पिंजोरच्या केंद्रात गिधाडांची पिल्लं वाढवतात. तिथली काही गिधाडं २०२४ च्या जानेवारीत आपल्या ताडोबा आणि पेंचला आणली गेली.

एवढा खर्च पाखरांवर? असं विचारणारे भेटतात. मला तरी तो खर्च वाटत नाही, देणं वाटतं.

गोठा बहुतेक घरांत बायकाच सांभाळतात. तेव्हा डॉक्टर आले की इंजेक्शन कसलं, हे विचाराच. मेलॉक्सिकॅम गिधाडांना बाधत नाही आणि गुरांचं दुखणंही थांबवतं. आणि दुखण्याचं इंजेक्शन दिलेलं जनावर दोन-चार दिवसांत गेलंच, तर ते माळावर टाकू नका, खोल खड्डा करून पुरा.